लाज वाटणारी जुनी कॅसेट पुन्हा ऐकताना

अकरा वर्षांची असताना साठवलेल्या पैशांतून मी एका डान्स-पॉप गायकाची कॅसेट घेतली होती. मुखपृष्ठावर तो चंदेरी जॅकेट घालून धुरात उभा. कॉलेजात गेल्यावर ती मैत्रिणींना दिसू नये म्हणून मी पुस्तकांमागे ढकलली. गेल्या वर्षी बाहेर काढली, आणि मग त्या वयातल्या सगळ्याच कॅसेट एकेक करून ऐकल्या.

तुमच्याकडेही अशी एखादी असेल तर ती घाईने टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. आधी तिची उघडी कड बघा. फितीच्या मागे पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर फेल्टचा इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. तो फितीला टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. गोंद वाळला की तुकडा गळतो, आवाज दबका होतो, मध्येच जातो, आणि फीतच खराब झाली असं समजून लोक कॅसेट फेकून देतात. माझ्या चंदेरी जॅकेटवाल्याला हाच आजार होता. कॅसेटला स्क्रू असतील तर नको असलेली तशीच दुसरी कॅसेट उघडा आणि आपली दोन्ही रिळं तिच्यात अलगद बसवा. पाच मिनिटांचं काम, पण फितीला पीळ पडू देऊ नका.

वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन चौकोन शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी गाणी पुसली जाणार नाहीत. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. तपकिरी डाग निघायचे थांबेपर्यंत पुसत राहा. मग सहा कोनी पेन्सिलने दोन-चार वेढे फिरवून रीळ मोकळं करा, आणि नंतर पूर्ण कॅसेट एकदा पुढे, एकदा मागे पळवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत त्याने सैल होऊन सारखी गुंडाळली जाते.

आता ऐका. एक अख्खी बाजू, एकही गाणं न पळवता. गाणं सुरू होण्याच्या क्षणभर आधी तेच गाणं दुरून, पुसट ऐकू येईल. रिळाच्या एका थरातलं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, त्यामुळे असं होतं. मला तो आवाज फार आवडतो. शिवाय माझ्या बाबतीत पुढच्या गाण्याचा पहिला सूर त्याच्याही आधी डोक्यात वाजला. गाण्यांचा क्रम मी विसरले नव्हते! म्हणूनच ही गाणी मोबाइलवर सुटी सुटी शोधून ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी.

शब्द बाळबोध वाटतील, ते चालू द्या. त्या वयात तुम्ही गाण्यातल्या ज्या जागेसाठी कॅसेट पुन्हा पुन्हा मागे फिरवत होता ती जागा शोधा. माझी तिसऱ्या गाण्यात सापडली: समूहस्वरांखाली खर्जातला बास फक्त दोन सुरांवर चालत राहतो. पुढे मी जे जे संगीत मनापासून ऐकलं, त्यात तो बास आहे.

संगणकावर उतरवायचं तर ऑडासिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर पुरेल. आवाज टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून घ्या, आवाजाची पातळी लाल रेषेला टेकू देऊ नका. मूळ प्रत खरखरीसकट जपून ठेवा, कारण खरखर जास्त काढली की झांजांची चमकही जाते.

ऐकून झालं की फीत एका टोकापर्यंत गुंडाळा आणि कॅसेट डबीत घालून उभी ठेवा, स्पीकरच्या चुंबकापासून लांब. माझी आता पुस्तकांच्या पुढे उभी आहे.