सर्व्हरचे अपडेट आपोआप होते, पण किती वाजता? या चुका टाळा

लातूरच्या मार्केट यार्डातील एका आडत दुकानाचा उबंटू (लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली) सर्व्हर क्लाउडवर आहे. ऐन सोयाबीनच्या हंगामात, सौदा निघून शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या छापण्याची घाई चालू असताना, तेथील डेटाबेसची जोडणी अचानक तुटली आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत झाली. आधी इंटरनेटवर, मग बिचाऱ्या प्रिंटरवर संशय घेतला गेला. मी अपडेटच्या नोंदी उघडल्या तेव्हा त्यांत वेळ सहा वाजून सोळा मिनिटे अशी होती, आणि घोळ तिथेच लक्षात आला. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर होते. सुरक्षा अपडेट ठरल्या वेळी बसवणारा उबंटूचा टायमर मुळात सकाळी ६ वाजताचा असतो व त्यात ६० मिनिटांपर्यंतचा विलंब मुद्दाम मिसळलेला असतो. यूटीसीचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. त्या दिवशी पोस्टग्रेस्क्यूएलचे, म्हणजे दुकानाचा डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, अपडेट आले होते आणि ते बसवताना डेटाबेसची सेवा बंद होऊन पुन्हा सुरू होते.

अशा वेळी स्वयंचलित अपडेटच बंद करून टाकण्याचा मोह होतो, पण ही सर्वांत महागडी चूक होय. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते आणि हल्ला मे महिन्यात झाला. त्यापेक्षा सर्व्हरचा टाइमझोन भारतीय वेळेवर आणावा, टायमर रात्री अडीचचा करावा आणि डेटाबेसचे पॅकेज (सॉफ्टवेअरचा संच) आपोआप अपडेटमधून वगळून ते बॅकअप घेतल्यानंतर, बाजार बंद असलेल्या दिवशी हाताने बसवावे. मात्र वगळलेले पॅकेज विसरून जाणार असाल, तर ते वगळूच नये.

सर्व्हर दुकानातच असेल आणि रात्री बंद केला जात असेल, तर रात्री अडीचची वेळ लावून उपयोग नाही. चुकलेली फेरी सकाळी मशीन सुरू झाल्यावर भरून काढली जाते. त्यामुळे दुकान उघडताना सर्व्हर संथ वाटतो, कोणीतरी वैतागून बटण दाबतो किंवा वीज जाते, आणि पॅकेज अर्धवट बसलेले राहते. सर्व्हर यूपीएसवर ठेवून रात्रभर चालू ठेवावा. काम अर्धवट राहिलेच, तर डीपीकेजीला (उबंटूत पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) उरलेली सर्व पॅकेजे कॉन्फिगर करण्याची आज्ञा द्यावी. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.

कर्नलचे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, अपडेट बसले म्हणजे ते लागू झाले असे नव्हे; त्यासाठी सर्व्हर रीबूट करावा लागतो. उबंटूत आपोआप रीबूट मुळात बंद असते, म्हणून ‘सर्व्हर वर्षभर बंदच पडला नाही’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर लाइव्ह पॅचिंग (रीबूट न करता चालू कर्नल दुरुस्त करण्याची सोय) नसल्यास जुनाच कर्नल चालू आहे असे समजावे.

विंडोज सर्व्हरचे मासिक अपडेट अमेरिकेतील वेळेनुसार महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. ते आधी एकाच कमी महत्त्वाच्या मशीनवर बसवून दोन-चार दिवस पाहावे.

नोंदीत रोज ‘नवे अपडेट नाही’ असे किंवा अपडेट आणता न आल्याची चूक दिसत असेल, तर आधी प्रणालीची आवृत्ती तपासावी. सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीला अपडेट मिळण्याची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यावरील स्वयंचलित अपडेट चालू ठेवले, तरी आणण्यासारखे नवे काही उरलेले नसते.