नवा वाय-फाय राउटर घाईने घेण्याआधी काय तपासावे आणि घेतल्यावर काय आजमावावे

वाय-फाय ७ या नव्या पिढीचे राउटर २०२३ मध्येच विक्रीला आले. वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने या पिढीला प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली जानेवारी २०२४ मध्ये, आणि आयट्रिपलई या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे त्यामागचे ८०२.११बीई हे मानक प्रसिद्ध झाले जुलै २०२५ मध्ये. सुरुवातीच्या ग्राहकांच्या हाती पडली ती मसुद्यावर बेतलेली यंत्रे. ८०२.११एनच्या, म्हणजे वाय-फाय ४ च्या वेळीही असेच झाले होते: मसुद्यावरचे राउटर २००७ पासून प्रमाणपत्रासह विकले जात होते, मानक पक्के झाले २००९ मध्ये.

असा राउटर वाया जातो असे नाही. पण खोक्यावर छापलेली एखादी सोय बऱ्याचदा पुढच्या फर्मवेअरवर, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीवर ढकललेली असते. वाय-फाय ७ मध्ये ही गत मुख्यतः एमएलओची झाली, म्हणजे एकाच वेळी दोन बँडवरून (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवरून) जोडणी ठेवण्याच्या सोयीची.

१. खोक्यावरचा आकडा फोडून बघा

‘बीई३६००’ हा एका उपकरणाला मिळणारा वेग नव्हे. २.४ गिगाहर्ट्झचे ६८८ आणि ५ गिगाहर्ट्झचे २८८२ एमबीपीएस यांची बेरीज करून ती वरच्या शंभरात नेलेली असते. यात ६ गिगाहर्ट्झ बँड नसतोच, तरी नाव ‘वाय-फाय ७’ असते. ६ गिगाहर्ट्झ हवा असेल तर ‘ट्राय-बँड’ शब्दावर विसंबू नका. काही ट्राय-बँड राउटरांत ५ गिगाहर्ट्झचेच दोन बँड असतात.

परदेशातून कुणाकडून राउटर मागवणार असाल तर आणखी सावध राहा. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा ६ गिगाहर्ट्झचा सगळा पट्टा वाय-फायसाठी खुला केला. भारतात मे २०२५ मध्ये आलेला नियमांचा मसुदा ५९२५ ते ६४२५ एवढ्याचाच होता. या ५०० मेगाहर्ट्झमध्ये ३२० मेगाहर्ट्झ रुंदीचे, म्हणजे वाय-फाय ७ चे सर्वात रुंद, एकच चॅनल मावते. त्यामुळे अमेरिकी परीक्षणांतले वेग इथे गृहीत धरू नका. मॉडेलच्या भारतीय आवृत्तीत ६ गिगाहर्ट्झ चालू आहे का, ते कंपनीच्या भारतासाठीच्या पानावर पाहा.

तुमची उपकरणेही तपासा. विंडोजमध्ये वाय-फाय ७ साठी विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. घरात वाय-फाय ७ चे एकही उपकरण नसेल आणि प्लॅन १०० किंवा २०० एमबीपीएसचा असेल, तर वर्षभर मुरलेला वाय-फाय ६ राउटर घ्या. आमचे स्पष्ट मत हेच आहे.

२. फर्मवेअरचा इतिहास वाचा

पैसे देण्याआधी करायचे हे सर्वात मोलाचे काम, आणि याला दहा मिनिटे पुरतात. कंपनीच्या सपोर्ट पानावर त्या मॉडेलची डाउनलोड यादी उघडा. लाँचच्या दिवसाची एकच फाइल असेल तर थांबा. तीन-चार महिन्यांत दोन-तीन सुधारणा आल्या असतील तर ते चांगले लक्षण. चुका सापडताहेत आणि दुरुस्त होताहेत. सहा महिन्यांत काहीच आले नसेल तर ते मॉडेल सोडा. ‘स्थिरता वाढवली’ या वाक्यातून काही कळत नाही. ‘पीपीपीओई तुटल्यावर पुन्हा जोडले जात नव्हते, ते दुरुस्त केले’ अशा नोंदी शोधा (पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्डने होणारी इंटरनेट जोडणी).

सुरक्षा अपडेट किती काळ मिळणार हे भारतीय पानावर सहसा सापडत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना हा किमान काळ जाहीर करावाच लागतो. म्हणून त्याच कंपनीच्या ब्रिटनच्या पानावर मॉडेल शोधा. ती हमी भारतीय ग्राहकाला बांधील नाही, पण कंपनीचा इरादा कळतो.

हार्डवेअर आवृत्तीही बघा; ती राउटरच्या तळाच्या स्टिकरवर ‘व्ही१’, ‘व्ही२’ अशी असते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीचे उदाहरण प्रसिद्ध आहे: २००५ मध्ये पाचव्या आवृत्तीत रॅम १६ ऐवजी ८ एमबी आणि फ्लॅश ४ ऐवजी २ एमबी झाली, मॉडेलचे नाव मात्र तेच राहिले. परीक्षण कुठल्या आवृत्तीचे आहे ते पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि एका आवृत्तीचे फर्मवेअर दुसरीत कधीच टाकू नका, राउटर कायमचा बंद पडू शकतो.

३. घरची जोडणी लिहून काढा

फायबरवाल्याच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, नवा राउटर जोडायचा तर ही माहिती आधी मिळवा: जोडणी पीपीपीओई की डीएचसीपी (पासवर्डशिवाय आपोआप होणारी), युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (जोडणी वेगळी ओळखण्याचा क्रमांक) लागतो का, आणि डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम नव्या राउटरवर सोडून, टाकून मिळेल का. काही स्थानिक केबलवाले जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधतात. तसे असेल तर पत्ता बदलून घ्या किंवा नव्या राउटरला जुन्याचा पत्ता देणारी ‘मॅक क्लोन’ सोय वापरा.

लोडशेडिंगसाठी मिनी यूपीएस असेल तर अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे जुळवा. जुने राउटर १२ व्होल्ट १ अँपिअरवर चालायचे. नव्यांना २ किंवा त्याहून जास्त अँपिअर लागतात. २ अँपिअरच्या यूपीएसवर ३ अँपिअरचा राउटर सुरू झालेला दिसतो, पण लोड वाढला की रीस्टार्ट होत राहतो आणि दोष राउटरला दिला जातो.

४. परतीच्या मुदतीत राबवून घ्या

ऑनलाइन खरेदीत मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते, आणि बऱ्याचदा पैसे परत न मिळता वस्तूच बदलून मिळते. ही अट आधी वाचा. राउटर आल्या दिवशी:

- केबल लावून नवे फर्मवेअर टाका, मग फॅक्टरी रीसेट करा आणि सेटिंग हाताने भरा. जुन्या राउटरची बॅकअप फाइल चढवू नका.
- लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजा. १ गिगाबिट पोर्टवर ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळाले की तो पूर्ण वेग समजा. नंतर हाच वेग खोलीखोलीत वाय-फायवर मोजा.
- प्रत्येक जुने उपकरण जोडून बघा. बरेच प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर अडतात, त्यांच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव ठेवून त्यावर जुनी डब्ल्यूपीए२ लावा. इंटेल ७२६० सारख्या जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरसह वाय-फाय ६ चे नेटवर्क दिसतच नव्हते. तिथे ड्रायव्हर बदलावा लागतो.
- वीज दोन-तीनदा घालवून बघा. इंटरनेट आपोआप परत आले पाहिजे.

५ गिगाहर्ट्झवर १६० मेगाहर्ट्झ रुंदी चालू असताना नेटवर्क अधूनमधून नाहीसे होत असेल तर लगेच बिघाड समजू नका. एवढी रुंदी ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनलांत शिरते, आणि ती रडारही वापरतात. त्यांवर रडारचा संकेत आढळला की राउटर ते चॅनल सोडतो आणि नव्या रडार-चॅनलवर जाण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत बसतो. विमानतळाजवळच्या घरात हे जास्त दिसते. रुंदी ८० करा, चॅनल ३६ ठेवा आणि दोन दिवस बघा. तरीही तुटत असेल तर दोष राउटरचा किंवा फर्मवेअरचा असण्याची शक्यता मोठी.

रीसेट करण्याआधी सिस्टम लॉग उतरवून घ्या, कारण रीसेटमध्ये तो पुसला जातो. तक्रारीत फर्मवेअर क्रमांक, हार्डवेअर आवृत्ती, जोडणी तुटल्याच्या वेळा आणि केबलवर तेव्हा इंटरनेट चालू होते की नाही, एवढे लिहा. शेवटचा मुद्दा नसेल तर कंपनी पहिल्यांदा इंटरनेट पुरवणाऱ्याकडे बोट दाखवते आणि मुदतीतले दिवस त्यातच जातात. जुना राउटर महिनाभर तरी विकू नका.