एचएमआयएस तपासायला निघालात? या चुका टाळा

तपासणी पथकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अहवाल किती टक्के भरलेत?" ऑपरेटर स्क्रीन आपल्याकडं फिरवतो. शंभर टक्के. तेवढ्यात चहा येतो आणि अर्धं मूल्यमापन तिथंच आटोपतं. मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर असा चहा मीही पिऊन आलोय, म्हणून हे लिहितोय.

केंद्र सरकारची एचएमआयएस, म्हणजे आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली, २००८ साली वेब पोर्टलवर आली. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक संस्था महिन्याच्या महिन्याला तिच्यात आकडे टाकते. आकडे पोचतात, वेळेवरही पोचतात. घोळ असतो तो रजिस्टर आणि स्क्रीन यांच्या मधल्या रस्त्यात, आणि तिथं आपण बघतच नाही.

भरलेलं म्हणजे बरोबर, असं धरून चालणं

प्रसूती रजिस्टर मागून घ्या. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी स्वतः बोट ठेवून मोजा आणि त्या बेरजेला पोर्टलवरच्या आकड्यानं भागा. रजिस्टरात ४२ आणि अहवालात ५० असतील तर उत्तर ०.८४. एकच्या दहा टक्के खालीवर चालवून घेतात; इथं सरळ फुगवटा आहे. उत्तर १.१०च्या वर गेलं तर उलटं समजा: काम झालंय, पण वर कळवलेलं नाही. दुसरा प्रकार कमी गंभीर मानायची आपल्याकडं पद्धत आहे. माझ्या मते ती चूक आहे, कारण पुढच्या वर्षीची औषधं आणि माणसं याच आकड्यांवरून मागितली जातात.

उपकेंद्रावर बऱ्याचदा कच्ची वही वेगळी आणि पक्कं रजिस्टर वेगळं असतं. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवलेल्या दिसल्या तर कच्ची वही मागा. लसीकरण सत्राच्या दिवशीची, डाग पडलेली.

रिकाम्या रकान्याचंही विचारा. शून्य म्हणजे घडलं नाही, रिकामं म्हणजे कळवलं नाही. माता मृत्यूच्या रकान्यात हा फरक फार महागात पडतो.

नियमात न बसणारा आकडा चुकीचाच ठरवणं

बीड जिल्ह्यातल्या एका केंद्रावर आम्ही एप्रिलचा अहवाल बघत होतो. पेंटा या पाच रोगांवरच्या लसीचा पहिला डोस घेतलेली बाळं ११, तिसरा घेतलेली १९. आमच्यातल्या एकानं लगेच लाल पेनानं गोल केला. पहिल्यापेक्षा तिसरा जास्त कसा? ऑपरेटर बिचकत म्हणाला, "मागच्या वर्षी पण असंच आलं होतं सर. मग आम्ही दोन्ही सारखे करून टाकले."

आरोग्य सेविकेनं न बोलता रजिस्टर उघडलं. आठ नावांपुढं समासात पेन्सिलीनं 'कारखाना' लिहिलेलं. "फडावरची लेकरं आहेत ही. पहिले दोन डोस तिकडंच झालेत, कार्डं बघा की." कार्डांवर सांगली जिल्ह्याचे शिक्के होते.

पेंटा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात, मार्च-एप्रिलला परततात. या दिवसांत तीन डोस एकाच गावात होतील, हे गृहीतच चुकतं. त्या महिन्याचा आकडा खरा होता. मागच्या वर्षीचा 'सारखा केलेला' आकडा खोटा होता. तपासणीत गडबड सापडली की आधी रजिस्टर, मग कार्ड बघा. खरंच चूक असेल तर दुरुस्ती रजिस्टरापासून सुरू करा, कारण लिहा, सही घ्या. फक्त स्क्रीनवर आकडा बदलायची सवय लागली की ती सुटत नाही.

भाजक न तपासता टक्केवारी काढणं

लसीकरण ११८ टक्के, किंवा ६१ टक्के. दोन्ही वेळा आधी लोकसंख्या कुठून आणली ते विचारा. २०११च्या जनगणनेत दरवर्षीची वाढ मिळवत आणलेला आकडा ऊसतोडीच्या गावात जानेवारीला काय कामाचा? निम्मी घरं कुलूपबंद असतात.

आणि पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात. सासरचं केंद्र मागं पडलेलं दिसतं, माहेरचं फार पुढं. अशा वेळी एकेका केंद्राला गुण देऊ नका, तालुक्याची किंवा जिल्ह्याची बेरीज बघा. उदगीर-देगलूरकडची माणसं परराज्यात, बीदर-निजामाबादला जातात, तिथं मात्र जिल्ह्याची बेरीजही अपुरी पडते. आरसीएच या माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवर बाईची नोंद नावानिशी असते, एचएमआयएसवर नुसती बेरीज. दोन्ही शेजारी ठेवली की गळती कुठं आहे ते बऱ्यापैकी कळतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाशी ताडायला हरकत नाही. पण २०१९-२१च्या पाचव्या फेरीतला लसीकरणाचा आकडा १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचा आहे. तो परवाच्या महिन्याच्या अहवालाशेजारी ठेवून कुणाला झापू नका.

खासगी दवाखाने विसरणं

बीडच्या ऊसतोड महिलांच्या खासगी दवाखान्यांत झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि महिलांचं वेगळं सर्वेक्षण करावं लागलं. जिल्ह्यातली किती खासगी रुग्णालयं अहवाल देतात, हे मूल्यमापनात पहिल्याच पानावर यायला हवं.

सगळं खापर सर्व्हरवर फोडणं

नेट जातं, लाइट जाते, खरं आहे. पण अशा प्रणाल्या तपासण्यासाठी जगभर वापरतात ती प्रिझम चौकट तांत्रिक बाजूइतकंच संस्थेच्या कारभाराकडं आणि माणसांच्या सवयींकडं बघायला सांगते. तिच्यात कर्मचाऱ्याला आधी विचारतात, "टक्केवारी काढता येते का?" मग छोटं गणित देतात. आत्मविश्वास आणि उत्तर यांतलं अंतर तिथं उघडं पडतं. हे गणित फक्त सेविकेला देऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्यालाही द्या, आणि जमलं तर आपणही सोडवा.

निघताना एकच गोष्ट बघा. केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचा आलेख लावलेला असतो. त्याची रेष कुठल्या महिन्यावर थांबली आहे, ते वहीत लिहून घ्या.