शुगरची वही: डॉक्टरांकडे जाण्याआधीचे पंधरा दिवस

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, टप्प्यावरच भरायचं, डेपोत पोचल्यावर आठवून नाही, हे तिथं पहिल्या आठवड्यात शिकलो. शुगरची वही मात्र मी बरीच वर्षं डेपोत पोचल्यावरच भरत होतो. तपासणीच्या आदल्या रात्री दोन वेगवेगळी पेनं घेऊन बसायचं आणि अंदाजपंचे आकडे टाकायचे. एकदा डॉक्टरांनी वही चाळून विचारलं, "काका, तुमची शुगर नेहमी शून्यावर नाहीतर पाचावरच कशी थांबते हो?"

दुसरी चूक त्याहून मोठी होती. जे काही मोजायचो ते फक्त सकाळी, उपाशीपोटी. ११२, ११८, १२१. मी खूश. आणि तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, आली ८.४. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला: ८.४ म्हणजे सरासरी साधारण १९४. सकाळी ११५ आणि सरासरी १९४. तिकिटं आणि रोकड जुळत नसेल तर फरक कुठल्या टप्प्यावर पडला ते शोधावं लागतं. माझा पडत होता रात्रीच्या जेवणानंतर. साडेनऊला टीव्हीसमोर दोन वाट्या भात, मग दोन तासांनी २४०-२५०. ते कधी मोजलंच नव्हतं.

आता मी पंधरा दिवस आधी सुरू करतो. सगळ्यात आधी मीटरची तारीख आणि वेळ बघा. सेल बदलला की काही मीटर १ जानेवारीवर जातात, मग आतले आकडे असूनही कामाचे राहत नाहीत.

दिवसातून सात वेळा टोचत बसायची गरज नाही, स्ट्रिपा काही फुकट येत नाहीत. मी जोडी घेतो. आज नाश्त्याआधी आणि नंतर, उद्या दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, परवा रात्रीच्या. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. मी गोळ्यांवर आहे म्हणून हे चालतं. इन्सुलिनवर असाल तर डॉक्टरांनी जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा मोजा, माझं ऐकून कमी करू नका.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. मे महिन्यात आंबा कापून तसंच बोट टोचलं, २८७ आले. घरात धावपळ. हात धुऊन पुन्हा घेतलं तर १६४.

आकड्याशेजारी शेऱ्याचा रकाना हवाच, आणि तो त्याच वेळी भरायचा. काय खाल्लं, गोळी चुकली का, ताप होता का, लग्नाला गेलो होतो का. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तेव्हा चार दिवस शुगर चढली होती. शेरा नसता तर त्या चार दिवसांपायी गोळी वाढली असती.

७० च्या खाली गेलेला प्रत्येक आकडा लाल पेनाने. किती वाजले होते, शेवटचं कधी खाल्लं होतं, साखर किती घेतली (मी तीन चमचे घेतो आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतो). डॉक्टर आधी हेच बघतात. बायको ओरडेल म्हणून हे लपवू नका. लपवलंत तर डॉक्टर गोळी वाढवतील आणि शुगर आणखी खाली जाईल.

आणि शेवटच्या आठवड्यात एकदम शहाणं व्हायचं नाही. लाइन चेकिंगची गाडी दिसल्यावर भराभर तिकिटं फाडण्यातला तो प्रकार. एचबीएवनसी मागचे दोन-तीन महिने सांगतेच.

माझ्या मेहुणीच्या दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असतो. तिला वही लागत नाही, पण चौदा दिवसांचा रिपोर्ट छापून न्यावा लागतो आणि त्यातला ७० टक्के वेळ तरी सेन्सर चालू असावा लागतो. त्या कुशीवर झोपलं की सेन्सर दबून खोटीच कमी शुगर दाखवतो, म्हणून अशा रात्री ती लिहून ठेवते.

लॅबमध्ये रक्त देता त्याच वेळी बोटाचंही घ्या. लॅबचे २०० आणि मीटरचे १७५ आले तर मीटर फेकू नका, १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मीटरला माफ असतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही सांगा, त्याने एचबीएवनसी चुकू शकते.

आदल्या रात्री पिशवीत मीटर, स्ट्रिपांची डबी, गोळ्यांची पाकिटं (नावं तोंडी सांगू नका, पाकिटं दाखवा), लॅबचा कागद. वहीवर एक वेगळा कागद टाचायचा: सकाळची शुगर किती ते किती, कुठल्या जेवणानंतर चढते, खाली किती वेळा गेली, आणि आपले दोन प्रश्न. आत गेल्या गेल्या हा कागद पुढे करा. मी पूर्वी उठता उठता खिशातून काढायचो, तोवर पुढचा पेशंट दारात आलेला असायचा.