जुनी बेसबॉल कार्डं विकताय? भाव लावताना या चुका टाळा

ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचं चित्र असलेलं, टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं आणि अमेरिकेतल्या कितीतरी माळ्यांवरची, अशा कार्डांनी भरलेली बुटांची खोकी खाली उतरली. न्यू जर्सी-टेक्ससकडच्या आपल्या मंडळींच्या हातीही ती येतात. कुणाला विकत घेतलेल्या जुन्या घराच्या तळघरात सापडतात, कुणाला शेजारचे आजोबा "तुला ऑनलाइनचं कळतं, एवढं विकून दे" म्हणून देतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला खेळाडूंची नावं शिकायला एक शनिवार पुरतो. भावाचं गणित मात्र नावापाशी संपत नाही.

मागितलेल्या किमतीला भाव समजणं

ईबेवर कुणीही काहीही मागू शकतो. वर्षभर पडून राहिलेल्या, न विकलेल्या कार्डाची किंमत बघून हरखून जाण्यात अर्थ नाही. 'सोल्ड आयटम्स'चा फिल्टर लावा आणि प्रत्यक्ष झालेले व्यवहार बघा. तिथेही एक फसगत आहे. खरेदीदाराने घासाघीस करून कमी भावात घेतलेल्या कार्डावर मूळ किंमतच काट मारून दिसते, खरा आकडा दिसत नाही. तो १३० पॉइंटसारख्या साइटवर सापडतो. एका व्यवहारावर विसंबू नका. त्याच वर्षाच्या, त्याच क्रमांकाच्या, त्याच अवस्थेतल्या कार्डाचे अलीकडचे चार-पाच सौदे घ्या आणि त्यातला सर्वांत चढा बाजूला ठेवा. तो बहुधा दोन हट्टी माणसांच्या चुरशीचा असतो.

खोक्यासोबत नव्वदच्या दशकातलं किमतींचं पुस्तक सापडलं तर आठवण म्हणून ठेवा. त्यातले भाव तेव्हाचे, शिवाय बहुतेक वेळा जवळजवळ नव्या दिसणाऱ्या कार्डांचे.

अवस्था डोळ्यांनी 'छान' ठरवणं

सगळ्यात जास्त पैसे इथे चुकतात. कार्डाची अवस्था तपासून त्याला दहापैकी श्रेणी देणाऱ्या संस्था असतात. तो १ कोटी २६ लाखांचा मँटल एसजीसी या अशाच संस्थेने ९.५ श्रेणी दिलेला होता. तेच कार्ड मोड पडलेलं, कोपरे झिजलेलं, सगळ्यात खालच्या श्रेणीतलं असेल तर गोष्ट काही दहा हजार डॉलरांवर येते. कार्ड एकच, खेळाडू एकच, फरक शेकडो पटींचा.

म्हणून कार्ड बघायची सवय लावा. हात धुऊन कोरडे करा आणि कार्ड कडांना धरा. आधी कोपरे: भिंगातून पाहिलं की नुसत्या डोळ्यांना टोकदार वाटणारा कोपरा मऊ पडलेला, तंतू सुटलेला दिसतो. मग चित्राभोवतीची पांढरी चौकट चारही बाजूंनी किती सारखी आहे ते बघा. डावीकडे भरपूर आणि उजवीकडे जेमतेम असेल तर श्रेणी घसरते. मग कार्ड दिव्याखाली तिरकं करून हळूहळू फिरवा. समोरून न दिसणारा बारीक मोड या कोनात चमकतो. शेवटी मागची बाजू: वहीत चिकटवल्याचा डिंक, पेनाने लिहिलेली आद्याक्षरं, च्युइंगमचा डाग. टॉप्सच्या पाकिटात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत च्युइंगम यायचं, त्यामुळे हा डाग सर्रास दिसतो. रबरबँडने बांधलेल्या गठ्ठ्यात वरच्या आणि खालच्या कार्डाच्या कडांना खाचा पडलेल्या असतात. पोरं आवडता खेळाडू वरच ठेवायची, म्हणजे नेमकं महागडं कार्ड खाचलेलं.

जे दिसेल ते जाहिरातीत लिहा आणि दोषाचा जवळून फोटो द्या. 'वयाच्या मानाने उत्तम' हे शब्द अनुभवी खरेदीदार वाचतो आणि पुढे जातो.

हात लावून 'सुधारणं'

पेन्सिल खोडू नका, पुसू नका, मोड इस्त्रीने बसवू नका, उडालेला रंग मार्करने भरू नका, आणि कडा तर अजिबात कापू नका. या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं कार्डच कापलेलं निघालं. सिगारेटच्या पाकिटातून १९०९ ते १९११ या काळात आलेल्या टी२०६ या कार्डमालिकेतलं, होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं हे कार्ड. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारासह १९९१ मध्ये लिलावात ते ४,५१,००० डॉलरला घेतलं. पीएसए या संस्थेने श्रेणी दिलेलं ते पहिलंच कार्ड, श्रेणी ८. पुढे लिलावकर्ता बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये न्यायालयात कबुली दिली, की कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. ते कार्ड तरीही किमती राहिलं, कारण त्याची बदनामीही आता त्याच्या इतिहासात जमा आहे. तुमच्या-माझ्या कार्डाला ही सवलत नाही. कापलेलं कळलं की आकडी श्रेणी मिळत नाही आणि भाव कोसळतो.

पुनर्मुद्रित कार्ड न ओळखणं

माळ्यावर सापडलेला वॅग्नर जवळजवळ नेहमीच नंतर छापलेला असतो. १९५२ची मालिका तर खुद्द टॉप्सनेच १९८३ मध्ये पुन्हा काढली. इथे पट्टी कामाला येते: मूळ कार्ड साधारण २ पूर्णांक ५/८ बाय ३ पूर्णांक ३/४ इंच, आणि १९८३ची आवृत्ती आजच्या मापाची, अडीच बाय साडेतीन इंच. भिंगातून काळी अक्षरंही बघा. मूळ छपाईत ती भरीव शाईची असतात, नकलेत अनेकदा ठिपक्यांची बनलेली दिसतात. शंका राहिली तर 'खरं असावं' असं लिहून विकू नका, आधी तपासून घ्या.

जुनं म्हणजे महाग, असं धरून चालणं

साधारण १९८६ ते १९९३ या काळात कंपन्यांनी एवढी कार्डं छापली, की लोकांनी 'पोरांच्या कॉलेजची सोय' म्हणून जपलेल्या पेट्या आज रद्दीच्या भावाशी झुंजताहेत. अपवाद आहेत, अपर डेक कंपनीच्या १९८९च्या कार्डांमधला केन ग्रिफी ज्युनियर हा एक, पण तोही निर्दोष अवस्थेतलाच.

सगळंच श्रेणीसाठी पाठवू नका. श्रेणीचं शुल्क, जाण्या-येण्याचं टपाल आणि विमा वजा करून काही उरतंय का ते आधी कागदावर मांडा. वीस डॉलरच्या कार्डाला स्लॅबमध्ये, म्हणजे श्रेणी दिलेलं कार्ड ज्यात सीलबंद येतं त्या प्लास्टिकच्या डबीत, घालणं म्हणजे दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला.

समोरच्याच्या अज्ञानाला नफा समजणं

शिकागोजवळच्या इटास्का गावी १९९० मध्ये एका दुकानात बेसबॉलपटू नोलन रायनचं पहिलं कार्ड होतं, १९६८चं, जेरी कूझमनच्या जोडीने छापलेलं. चिठ्ठीवर दशांशचिन्हाशिवाय १२०० लिहिलेलं. काउंटरवरच्या नवख्या व्यक्तीने ते १२ डॉलर वाचलं आणि एका बारा वर्षांच्या मुलाने ते घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी दोन्ही बाजूंनी कार्ड लिलावात काढून पैसे धर्मादाय द्यायचं मान्य केलं. मुलगा बरोबर की दुकानदार यावर लोक अजून वाद घालतात. माझं मत दुकानदाराकडे झुकतं, तरी चिठ्ठी नीट लिहिणं त्याचंच काम होतं.

शेजारच्या आजोबांच्या खोक्यात हाच प्रश्न जास्त नाजूक होतो. तुम्ही विकून देणार असाल तर कमिशन आधीच ठरवा. स्वतःलाच घ्यायची असतील तर भाव तुम्ही सांगू नका. झालेल्या सौद्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवा, किंवा दोन दुकानदारांना विचारू द्या. दुकानदार बाजारभावापेक्षा बराच कमी देईल. त्याला भाडं भरायचंय आणि कार्ड कधी खपेल याचा भरवसा नाही, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला लुटारू ठरवू नका. मात्र 'पाचशे कार्डांचे सरसकट इतके' असं कुणी म्हणालं तर आधी महत्त्वाची दहा-बारा कार्डं वेगळी काढून त्यांचा स्वतंत्र भाव मागा. भावंडांत वाटणी करतानाही मोजून समान गठ्ठे करू नयेत. एका गठ्ठ्यात रॉबर्टो क्लेमेंटेसारखा नावाजलेला खेळाडू जातो, दुसऱ्यात नुसती पुठ्ठ्याची चळत.

हाती काय येणार याचा विसर

ईबेचं शुल्क कार्डांवर साधारण १३ टक्क्यांच्या आसपास जातं. अमेरिकेत वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो. वारशाने आलेल्या कार्डांची मूळ किंमत मात्र सामान्यतः मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, म्हणून त्या सुमाराच्या सौद्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि रक्कम मोठी असेल तर सीपीएला, म्हणजे तिथल्या हिशेबनिसाला, दाखवा.

पाठवताना कार्ड आधी मऊ पाकिटात, मग टॉपलोडर म्हणतात त्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. चिकटपट्टी पुठ्ठ्यावर लावा, टॉपलोडरच्या तोंडावर ती घट्ट बसली तर ओढताना कार्डच बाहेर येतं. ७५० डॉलर आणि त्यावरच्या विक्रीला ईबेचं विक्रेता-संरक्षण हवं असेल तर पार्सल सही घेऊनच पोचवायला सांगा.