पोस्ट काढायची की ठेवायची?

आक्षेपार्ह मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. हाताखाली नवीन माणूस आला की आधी बजावते, पोस्ट वाचून डोकं फिरलं तर लगेच डिलीट करू नकोस. अर्ध्या तक्रारी नुसत्या मनाला लागलेल्या असतात.

आधी रोख कुणावर आहे ते बघा. ‘तुमचा धर्मग्रंथ म्हणजे थोतांड’ हे झोंबतं, पण राहू द्या. ‘त्या धर्माची माणसं झुरळं आहेत’ हे काढा. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडातला रेडिओ तिथल्या तुत्सी समाजाला झुरळंच म्हणत होता आणि पुढे त्यांचा नरसंहार झाला, तो जगाने पाहिला.

खरी पंचाईत मधल्या वाक्यांची. ‘यांना एकदा धडा शिकवायलाच हवा.’ निवडणुकीच्या वादात हे मतपेटीबद्दल असू शकतं. त्याखाली एखाद्या घराचा फोटो आणि ‘उद्या सकाळी जमा’ असं आलं, की अर्थ बदलला. म्हणून खालच्या कमेंट वाचल्याशिवाय निकाल देऊ नका. चिथावणीखोर द्वेष कसा ओळखायचा, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात आराखड्यात सहा कसोट्या आहेत. घाईच्या वेळी मी त्यातल्या दोन आधी लावते: बोलणाऱ्याचं वजन किती, आणि यातून लगेच काही घडेल का? लाखो अनुयायी असलेल्या नेत्याला ‘गंमत केली’ ही सबब मी देत नाही.

हल्लेखोराने स्वतः केलेलं चित्रण मात्र चर्चा न करता काढा. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, त्यानंतर पहिल्या २४ तासांत फेसबुकला हल्लेखोराच्या व्हिडिओच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. काढा, पण मूळ प्रत जपून ठेवा. २०१७ मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेने अतिरेकी मजकूर हटवताना सीरियातल्या युद्धाचे व्हिडिओही उडवले; त्यात अत्याचारांचे पुरावे होते.

दरवेळी काढायलाच हवं असंही नाही. इशारा लावता येतो, शिफारशीतून वगळता येतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये फॉरवर्डवर जगभर पाचाची मर्यादा घातली. कुणाचं तोंड बंद केलं नाही, वेग तेवढा कमी केला. मला हा मार्ग जास्त पटतो.

शंका उरलीच तर? जर्मनीच्या २०१७ च्या कायद्यात उघड बेकायदा मजकूर २४ तासांत काढण्याची सक्ती होती, आणि दंड पाच कोटी युरोपर्यंत. डोक्यावर अशी तलवार असली की कंपन्या शंकेपोटीही कात्री चालवणारच. माझा हिशोब वेगळा: कुणाच्या जिवाला धोका दिसत असेल तर शंकेचा फायदा त्याला, एरवी लिहिणाऱ्याला.

काढलंत तर कारण नीट कळवा. ‘नियमभंग झाला’ एवढं पुरत नाही. कोणतं वाक्य, कोणता नियम, ते लिहा. आणि अपील आलं तर ते तुम्ही वाचू नका, शेजारच्या टेबलावर द्या.