वायरलेस फ्लॅश ट्रिगर चालेनासा झाल्यास दोष कसा शोधावा

मंगलाष्टके संपत आली आहेत, अंतरपाट आता दूर होणार आहे आणि स्टँडवरचा फ्लॅश मात्र गप्प आहे, अशा वेळी छायाचित्रकाराचा हात आधी कॅमेऱ्याच्या मेनूकडे जातो. तो तिकडे जाऊ न देता ट्रिगरवरचे, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून दूरच्या फ्लॅशला रेडिओने उडण्याचा संदेश देणाऱ्या उपकरणावरचे, टेस्ट बटण दाबावे. कॅमेरा ते ट्रिगर आणि ट्रिगर ते फ्लॅश असे हे दोन निराळे दुवे आहेत आणि बिघाड कोणत्या बाजूला आहे, हे त्या एका बटणाने कळते.

टेस्ट दाबल्यावर फ्लॅश उडत असेल, पण शटर दाबल्यावर उडत नसेल, तर रेडिओ निर्दोष समजून हॉट-शूकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर ट्रिगर बसतो त्या खाचेकडे वळावे. कॅमेरा व ट्रिगर दोन्ही बंद करावेत आणि ट्रिगर काढून पुन्हा पार पुढच्या टोकापर्यंत सरकवून लॉक करावा, कारण तो किंचित मागे राहिला तरी पिना आपल्या जागी टेकत नाहीत. पुण्याच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या ट्रिगरच्या पिनांवर काळपट थर दिसल्यास तो पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासावा, मात्र रबराचा चुरा शूमध्ये राहू देऊ नये.

पिना स्वच्छ असूनही फरक पडला नाही, तर मग मेनू उघडावा. बहुतेक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत सायलेंट, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शटर चालू असताना फ्लॅश उडतच नाही, म्हणून मेकॅनिकल शटर निवडावे आणि फ्लॅश फायरिंग बंद नाही ना, हेही पाहावे. कॅननच्या 1500डी, 3000डी आणि 200डी मार्क टू या कॅमेऱ्यांच्या हॉट-शूमध्ये मधली पिनच नसते. त्यामुळे फक्त त्या पिनेवर चालणारा स्वस्त मॅन्युअल ट्रिगर त्यांवर कितीही वेळा बसवला तरी चालणार नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वीच विचारून घ्यावी.

टेस्ट दाबूनही फ्लॅश गप्पच असेल, तर तो स्लीपमध्ये (वीज वाचवण्यासाठी आपोआप झोपी) गेला आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर दोन्हीकडचे चॅनेल, ग्रुप आणि आयडी अक्षरशः शेजारी धरून जुळवावेत. फ्लॅश रेडिओऐवजी एस1 किंवा एस2 या ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश पाहून उडण्याच्या मोडवर राहिला असेल, तर तो आपल्या ट्रिगरचा रेडिओ संदेश ऐकतच नाही, इतरांच्या प्रकाशावर मात्र उडतो. एरंडवण्यातील एका कार्यालयात माझा फ्लॅश रेडिओवर असूनही आपणहून उडत होता आणि मला हवा तेव्हा चार्ज होत बसत होता. शेजारच्या छायाचित्रकाराकडे त्याच प्रणालीचा ट्रिगर होता आणि दोघेही चॅनेल 1 वर होतो. मी 17 वर गेलो, तेव्हा कुठे दोघांचेही काम सुरळीत सुरू झाले. लग्नसराईत चॅनेल 1 वर राहूच नये, असे माझे मत आहे.

एक विचित्र दोष जवळच्या अंतराचा असतो. फ्लॅश हातभर अंतरावर उडत नाही, पण चार पावले मागे सरताच उडतो. गोडॉक्स या कंपनीच्या अनेक ट्रिगरांत अंतराचे 0–30 मीटर आणि 1–100 मीटर असे दोन पर्याय असतात. टेबलावर वस्तूंची छायाचित्रे काढताना त्यांपैकी पहिला ठेवावा.

फ्लॅश उडाला, पण फोटोत काळा पट्टा आला, तर ट्रिगरला दोष देण्याआधी शटरचा वेग पाहावा. पुष्कळ कॅमेऱ्यांची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वाधिक वेग, 1/200 किंवा 1/250 सेकंद असते आणि त्यापुढे शटरच्या पडद्याची सावली फोटोत येते. वेग 1/160 वर आणताच पट्टा गेला, तर दुरुस्ती झालीच. अधिक वेग हवाच असेल, तर ट्रिगर व फ्लॅश दोन्हींना हाय-स्पीड सिंक, म्हणजे त्या मर्यादेपुढेही फ्लॅश वापरण्याची सोय, येत असले पाहिजे.

मध्येच चुकणारा फ्लॅश सर्वांत त्रासदायक असतो. आधी फ्लॅशमध्ये पूर्ण चार्ज केलेले, एकाच संचातले सेल घालावेत, नंतर ट्रिगरचेही बदलावेत. तरीही चुकतच असेल, तर फ्लॅश ज्या धातूच्या ब्रॅकेटमध्ये बसवला आहे, तो तळाच्या पिनांना चिकटून शॉर्ट होतो आहे का, हे वाकून पाहावे. तसे असल्यास पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात कुठेही मिळणाऱ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा ब्रॅकेटच्या खाचेत चिकटवला की पुरते.